डिफॉल्टर लिस्टमधली मुलगी : नात्यातल्या हिंसेचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२३-२४ या शैक्षणिक वर्षातलं, पुण्यातल्या एका महाविद्यालयातलं आहे. मी तिथे समुपदेशक आहे. मुलीच्या संमतीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला इथे ऋतुजा म्हणू.

ऋतुजा एस.वाय.बी.एस्सी.ला होती. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची. वडील शिक्षक, आई घरी, धाकटा भाऊ दहावीत. बारावीला उत्तम मार्क पडूनही तिला पुण्याला पाठवायचं की नाही यावर घरात बराच खल झाला होता. आत्या चिंचवडला आहे, अडीनडीला कुणीतरी आहे, या एका मुद्द्यावर शेवटी परवानगी मिळाली. पुढच्या तिच्या जवळजवळ प्रत्येक निर्णयामागे हीच गोष्ट होती. पुण्यात राहणं ही तिला मिळालेली सवलत होती, आणि सवलत कधीही काढून घेता येते.

पहिल्या वर्षी ती वर्गात पहिल्या पाचात होती. त्याच वर्षी नाटकाच्या ग्रुपमध्ये बॅकस्टेजला गेली. ज्याच्याशी तिचं नातं जुळलं तो मुलगा त्याच ग्रुपमधला, एक वर्ष पुढे. एकांकिका बसवायचा, बक्षिसं आणायचा. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्याला ओळखायचे. पहिले चार-पाच महिने छान गेले असं ती आजही सांगते. मला त्यावर शंका घ्यायचं कारण वाटत नाही. वाईट दिवसांत तिला धरून ठेवलं ते याच महिन्यांच्या आठवणीने.

समस्या समोर कशी आली

ती माझ्याकडे हिंसेची तक्रार घेऊन आली नव्हती. फेब्रुवारीत डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी कमी भरलेल्यांची यादी, लागली आणि तिची हजेरी ७५ टक्क्यांच्या बरीच खाली निघाली. त्याच्या थोडं आधी केमिस्ट्री प्रॅक्टिकलच्या मॅडम स्टाफरूममध्ये म्हणाल्या होत्या, "त्या मुलीला बघा जरा. गेल्या वर्षी टायट्रेशनला दुसऱ्यांना शिकवायची. आता तीन रीडिंग जुळत नाहीत." त्यांनी नीट पाहिलं होतं. फिनॉल्फ्थॅलिन या रंगसूचकाचा फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं, तिथे हिच्या फ्लास्कमध्ये दर वेळी गडद गुलाबी. हात थरथरतो म्हणून तसं होत नव्हतं. एप्रनच्या खिशातला फोन व्हायब्रेट झाला की हिचा हात तिकडे जायचा आणि बुरेटचा, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने सोडायच्या काचनळीचा, नळ चालूच राहायचा.

पहिल्या भेटीत तिने झोप येत नाही, ॲसिडिटी आहे, डोकं दुखतं, "मीच आळशी झालेय" एवढंच सांगितलं. फोन टेबलावर, स्क्रीन वर करून ठेवलेला. तो थोडा वेळ बंद करायचा का, असं विचारल्यावर म्हणाली, "बंद नको मॅडम. बंद दिसला की प्रॉब्लेम होतो."

बाकीचं दोन-तीन भेटींत तुकड्यातुकड्याने बाहेर आलं. लाइव्ह लोकेशन चोवीस तास चालू. मेसमध्ये जेवायला बसली की ताटाचा आणि शेजारी बसलेल्यांचा फोटो पाठवायचा. रात्री साडेअकराला व्हिडिओ कॉल करून खोली फिरवून दाखवायची. एका भांडणात त्याने तिचा फोन भिंतीवर आपटला आणि दोन दिवसांनी नवा आणून दिला. त्यात अकाउंट, पासवर्ड, सगळं त्यानेच "सेट करून" दिलेलं. रूममेटशी बोलणं बंद कर, असा हट्ट धरला, तिने केलं. पहिली थप्पड तालमीनंतर पार्किंगमध्ये. त्या रात्री तो हॉस्टेलच्या गेटबाहेर रडत उभा होता, आणि समजूत तिनेच काढली.

काय परिणाम झाले होते

तिची झोप रात्री तीनच्या सुमाराला मोडायची. कुठेही गेली तरी दाराकडे तोंड करून बसायची. मागून कुणी हाक मारली तरी दचकायची. एकच पान पाच वेळा वाचायची आणि काहीच आठवायचं नाही. कपडे निवडताना आपल्याला काय आवडतं हा प्रश्नच पडेनासा झाला होता. "त्याला काय वाटेल" हा आधी यायचा. आणि या सगळ्यावर लाज. "मी बारावीला तालुक्यात दुसरी आले होते, मॅडम. मला एवढं कळायला नको?"

आघातानंतरच्या ताणाच्या विकाराची बरीचशी लक्षणं यात होती. पण 'नंतर' हा शब्द इथे लागू पडत नव्हता, कारण हिंसा चालूच होती. दोन अक्षरी "ओके"च्या पुढे पूर्णविराम असला तर आज संध्याकाळी काहीतरी होणार, हे तिला कळायचं, आणि बहुतेक वेळा ते खरं ठरायचं. म्हणजे तिचं डोकं काम करत होतं, जोरात करत होतं. फक्त सगळी शक्ती पहाऱ्यावर लागली होती, फिजिकल केमिस्ट्रीला काही उरत नव्हतं. शिक्षकांना यातलं जे दिसलं त्याची नोंद 'अनियमित', 'निष्काळजी' अशी झाली.

या वयातल्या मुलींचा हा भाग आपल्या आकडेवारीतही नीट दिसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या २९ टक्क्यांहून अधिक स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. सगळीकडे उद्धृत होतो तो हाच आकडा, आणि ऋतुजा त्यात बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१चा अंदाज लग्नापुरता मर्यादित नाही : जोडीदार असलेल्या किंवा होता अशा १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी जवळपास चौघींत एकीने जोडीदाराची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा अनुभवलेली असते.

पहिला निर्णय : घरी कळवायचं का

तेव्हा डिफॉल्टर लिस्ट लागली की पालकांना आपोआप एसएमएस जायचा आणि 'पालकांना घेऊन या' असा निरोप मिळायचा. ऋतुजाचा एसएमएस दोन दिवसांत जाणार होता.

वर्गशिक्षकांचं म्हणणं, घरी सगळंच सांगून टाकावं. "उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार?" या भीतीला कारण होतं. आदल्याच वर्षी, जून २०२३मध्ये, सदाशिव पेठेत भररस्त्यात एका तरुणीवर ओळखीच्या तरुणाने कोयता उगारला होता आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांनी तिला वाचवलं होतं. केबिनमध्ये बसलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर तेच होतं.

ऋतुजाचं म्हणणं एका वाक्यात होतं : "पप्पांना कळलं तर शिक्षण बंद, आणि मेमध्ये स्थळं." मुलाची जात वेगळी होती. घरचा राग त्याच्यावर निघण्याआधी तिच्यावर निघेल, हा तिचा अंदाज मला चुकीचा वाटला नाही.

ती एकोणीस वर्षांची, सज्ञान. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो, आणि ती कुठे मोडावी लागेल हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं : जिवाला धोका दिसला तर. म्हणून तेच आधी तपासलं. नैराश्याच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तिथे तिने 'काही दिवस' यावर खूण केली होती. थेट विचारलं. विचार येऊन गेले होते, तेही इंटर्नलच्या आदल्या रात्री. कसं, कधी असं काही ठरवलेलं नव्हतं. त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली, रात्री कुणाला उठवायचं ते ठरवलं, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पाठ करून घेतला, कारण फोनमध्ये सेव्ह केला तर त्याला दिसला असता.

एवढं झाल्यावर तिच्या मनाविरुद्ध घरी कळवू नये असं मी मत दिलं. प्राचार्यांनी एसएमएस थांबवला. त्याचबरोबर 'घरी कुणालाच नाही' हेही मी मान्य केलं नाही. मोठं कोणतरी हवं होतं. आत्या जवळ होती, पण "आत्याला कळलं म्हणजे पप्पांना कळलं." मग सोलापूरची मावशी निघाली. मावशीला ऋतुजाने स्वतः, माझ्या खोलीतल्या लँडलाइनवरून, फोन केला.

गळ्याचा उल्लेख

धोक्याचा अंदाज घेताना काही प्रश्न एकेक करून, नाव घेऊन विचारावे लागतात. 'त्रास देतो का' असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघम येतं. कधी गळा धरलाय का, असं विचारल्यावर ती सहज म्हणाली, "हो, एकदा, हॉलच्या मागे. पण तेव्हा तो शांत होता. दोन दिवस आवाज बसला होता, सगळ्यांना सर्दी सांगितली."

तिच्या लेखी थप्पड मोठी होती, कारण ती लोकांच्या देखत बसण्याची भीती होती. गळ्याचं तिने मोजलंच नव्हतं. प्रत्यक्षात उलट आहे. जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत जोडीदाराकडून झालेल्या खुनांचा जो अभ्यास केला, त्यात आधी गळा दाबला गेलेल्या स्त्रियांच्या जिवाचा धोका कित्येक पटींनी वाढलेला दिसला. बाहेर वळ न उमटताही आतल्या रक्तवाहिनीला इजा असू शकते. म्हणून घटना जुनी असली तरी तिला डॉक्टरांकडे नेलं, तपासणी झाली आणि आवाज बसल्याचा उल्लेख केसपेपरवर आला.

तोपर्यंत आम्ही तिच्या वेगाने जात होतो. त्या दिवसापासून क्रम बदलला : आधी सुरक्षितता, मग बाकी सगळं.

समोरचे पर्याय

पोलीस. त्या वेळी भारतीय दंड संहिता लागू होती. पाठलागाचं ३५४-ड हे कलम फोन-इंटरनेटवरून पाळत ठेवण्यालाही लागू होतं (१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं ७८). शिवाय मारहाण आणि धमकी. महिलांच्या तक्रारी बघणाऱ्या पोलिसांच्या भरोसा सेलची माहिती दिली. ती नाही म्हणाली. पर्याय मिटवला नाही. पुरावे कसे जपायचे ते मात्र तेव्हाच ठरवलं.

कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५. हा सगळ्यांना आधी सुचतो. पण त्याला एका घरात राहणं किंवा लग्नासारखं नातं लागतं, आणि नुसत्या भेटीगाठी म्हणजे तसं नातं नव्हे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्येच स्पष्ट केलं आहे. हॉस्टेलवरची मुलगी आणि तिचा मित्र यांना तो लागू होत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये जोडीदारावर सतत नियंत्रण ठेवणं हा २०१५पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आपल्याकडे ताटाचा फोटो मागणं हा कुठला गुन्हा, ते एखाद्या कलमात बसवून दाखवावं लागतं.

अंतर्गत तक्रार समिती. इथे अडचण वेगळी. समितीचं काम लैंगिक छळाचं. "थप्पड मारली हे वाईटच, पण हा लैंगिक छळ कसा?" असा प्रश्न एका सदस्यांनी विचारला, आणि तो गैर नव्हता.

चौथा पर्याय नाटकाच्या सरांचा : "दोघंही आपलीच मुलं. एकदा समोरासमोर बसवू, मिटवू." कॉलेजात हा उपाय फार लाडका आहे आणि या प्रकारात तो सर्वांत घातक. त्या खोलीत ती त्याच्या चेहऱ्याकडे बघून बोलली असती, आणि जे बोलली असती त्याचा हिशेब नंतर पार्किंगमध्ये चुकता झाला असता. कायद्यातही समेटाची वाट आहे ती फक्त पीडितेने स्वतः मागितली तर.

"सोडून दे त्याला" हा पाचवा पर्याय म्हणजे मैत्रिणींचा सल्ला. नातं तोडण्याचा काळ हाच सर्वांत धोक्याचा असतो, त्यामुळे तो सल्ला तयारीशिवाय देता येत नव्हता.

ती परत गेली तेव्हा

मार्चच्या सुरुवातीला ऋतुजाने त्याच्याशी बोलणं थांबवलं. दोन आठवडेही झाले नसतील. त्याची आजी दवाखान्यात असल्याचा मेसेज आला आणि ती परत गेली. माझ्याकडे येणंही बंद केलं. स्टाफरूममध्ये सूर निघाला, "तिलाच नको असेल तर आपण कशाला?"

मारणाराच जवळ घेणारा असतो, आणि कधी काय मिळेल याचा नेम नसतो. या अनिश्चिततेनेच बंध घट्ट होतो, हे डटन आणि पेंटर या कॅनडातल्या संशोधकांनी १९८१मध्ये मांडलं. त्यात भर म्हणजे, तिच्या सगळ्या मैत्रिणी त्यानेच तोडल्या होत्या. दवाखान्याबाहेरच्या बाकावर रडणारा तो एकटाच तिचा माणूस उरला होता. अशा वेळी परत जाणं हे मला अनपेक्षित नव्हतं. तो प्रवासाचा भाग धरूनच चालावं लागतं.

निर्णय असा घेतला की केस बंद करायची नाही, मागेही लागायचं नाही. तिची वेळ मोकळी ठेवली. प्रॅक्टिकलच्या मॅडमनी वर्गाच्या ग्रुपवर चार मुलींची नावं टाकली, 'जर्नल सर्टिफाय करून घ्या'. त्यात एक ऋतुजा. त्याने फोन बघितला असता तरी संशय येण्यासारखं काही नव्हतं. ती आली, जर्नलवर सही घेतली, आणि जाताना त्यांना म्हणाली, "काउन्सेलर मॅडमना सांगा, मी शुक्रवारी येते."

शुक्रवारी आली ती वेगळीच बातमी घेऊन. तिचे काही खासगी फोटो त्याच्याकडे होते, आणि ते पप्पांच्या व्हॉट्सॲपवर टाकण्याची धमकी त्याने दिली होती. लेखी, मेसेजमध्ये.

काय केलं

आधी फोन. व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हायसेसमध्ये गेलो तर एक अनोळखी लॅपटॉप, शेवटचा वापर त्याच दिवशी सकाळी. ती कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. लगेच लॉगआउट करायचा मोह आवरावा लागला, कारण त्याला ते तत्काळ कळलं असतं आणि त्या संध्याकाळी तो होता त्याच इमारतीत ती होती. स्क्रीनचे फोटो माझ्या फोनने काढले, रूममेटच्या ईमेलवर ठेवले. रूममेटला तिने स्वतः जाऊन "चुकलं गं माझं" म्हटलं होतं. ती पोरगी एका शब्दाने मागचं बोलली नाही. फोटोंसाठी स्टॉपएनसीआयआय ही, खासगी फोटो संमतीशिवाय पसरू नयेत म्हणून असलेली, सेवा वापरली. तिथे फोटो अपलोड करावा लागत नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा फोनवरच तयार होऊन सहभागी कंपन्यांकडे जातो. व्हॉट्सॲपवर थेट पाठवलेला फोटो त्याने अडत नाही, हेही तिला सांगितलं. तसं झालं तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन, हे ठरलं.

तक्रार लिहिताना तारखांवर अडलं. तिला घटना आठवत होत्या, क्रम आठवत नव्हता. आघाताच्या आठवणी अशाच विस्कळीत असतात, पण समितीपुढे 'तारखा जुळत नाहीत' एवढंच पुरतं. उपाय तिच्याच डोक्यातून आला. इंटर्नलचं वेळापत्रक समोर ठेवलं. जवळजवळ प्रत्येक मोठं भांडण पेपरच्या आदल्या संध्याकाळी झालं होतं. वेळापत्रकावरून तारखा, तारखांवरून मेसेज, आणि मेसेजवरून अर्ज उभा राहिला. माझ्या दृष्टीने उपचारही तिथेच सुरू झाला. "मी आळशी झाले नव्हते," ती कागदाकडे बघून म्हणाली. "त्याला माहीत होतं मला कधी पेपर आहे."

अधिकारक्षेत्राचा तिढा समितीतल्या बाहेरच्या सदस्य, वकील मॅडम, यांनी सोडवला. फोटोंची धमकी आणि नको म्हटल्यावरही केलेली जवळीक हा लैंगिक छळच, तो समितीकडे. मारहाण शिस्तपालन समितीकडे, त्याच जबाबावर, म्हणजे तिला दोनदा सांगावं लागणार नाही. विद्यार्थी प्रकरणात समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी असतात. त्यांतला एक नाटकाच्या ग्रुपचा निघाला, त्याला बदललं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार तक्रारीची प्रत सात दिवसांत समोरच्याला द्यावी लागते. तो दिवस धोक्याचा, म्हणून तो तिच्या सोयीने निवडला. आदल्या दिवशी मावशी येऊन तिला सोलापूरला घेऊन गेली. गाडी सुटल्यावर तिने लोकेशन बंद केलं, लॅपटॉप लॉगआउट केला, नवं सिम टाकलं. परतल्यावर खोली बदललेली होती. त्याला संपर्क न करण्याची आणि अंतर राखण्याची लेखी ताकीद, सबमिशनला मुदतवाढ आणि परीक्षेला वेगळा ब्लॉक, म्हणजे वेगळी खोली, हे अंतरिम उपाय चौकशी चालू असतानाच लागू झाले.

निष्पत्ती

चौकशी नव्वद दिवसांच्या मुदतीत संपली. तक्रार खरी ठरली. त्याला एका सत्रासाठी निलंबित केलं, नाट्यमंडळातून काढलं आणि समुपदेशन बंधनकारक केलं. फोटो कुठे गेले नाहीत, निदान आजवर तरी. पोलिसांत ती गेली नाही.

घरी तिने मे महिन्यात सांगितलं, आधी आईला, मावशीला शेजारी बसवून. वडील बराच काळ तिच्याशी बोलले नाहीत. शिक्षण मात्र बंद झालं नाही; ते मावशीमुळे की समितीच्या लेखी निर्णयामुळे, सांगता येत नाही. शिक्षक माणसाला शिक्क्याचा कागद कळतो, असं मावशीचं मत.

फिजिकल केमिस्ट्रीत एटीकेटी लागली, ती पुढच्या सत्रात सुटली. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे आघातावरची उपचारपद्धती, सोबत काही महिने गोळ्या. झोप लवकर सुधारली. एकाग्रता फार सावकाश. नाटकातले मित्र बहुतेक सुटले. "तू त्याचं करिअर संपवलंस" हे तिला एकदा नाही, अनेकदा ऐकावं लागलं. फोनचं व्हायब्रेशन तिने कायमचं बंद केलं आहे.

काय वेगळं करता आलं असतं

तिच्या नव्या नंबरवर त्याच्या एका मित्राने मेसेज केला, तो नंबर हॉस्टेलच्या नोंदवहीतून गेला होता. नोंदवही गेटवर उघडी असते. खोली बदलताना हे कुणाच्या लक्षात यायला हवं होतं.

डिफॉल्टर लिस्टचा एसएमएस आता आधी वर्गशिक्षकांपाशी थांबतो आणि गुण व हजेरी एकदम घसरलेल्यांची नावं वेगळी काढली जातात. चांगलं आहे, पण सवय लागलेली नाही. गेल्या सत्रात दोन विभागांनी थेट एसएमएस पाठवले.

परिणाम मोजताना आम्ही उशिरा जागे झालो तो मुद्दा गुणांचा. हजेरी, सबमिशन, परीक्षेचा ब्लॉक याची सवलत तक्रार दाखल झाल्यावर मिळाली. ती तक्रारीला बांधलेली नसती तर एटीकेटी टळली असती असं मला वाटतं, आणि तक्रार करायची की नाही हेही तिने जरा मोकळेपणाने ठरवलं असतं. वैद्यकीय कारणाने जशी सवलत मिळते तशी समुपदेशकाच्या पत्रावर मिळावी, असा प्रस्ताव दिला आहे. 'गैरफायदा घेतील' या शेऱ्यासह तो परत आला. पुन्हा पाठवला आहे.

आणि तो. बंधनकारक समुपदेशनाला तो दोनदा आला, मग निलंबन संपलं, परीक्षा दिली, दाखला घेऊन गेला. त्याच्यासाठी आमच्याकडे नेमका कार्यक्रम नव्हता, त्याच्याशी काम करणारं प्रशिक्षित माणूसही नव्हतं. मी एकटीने दोघांना बघणं योग्य नव्हतं, आणि दुसरं कुणी नेमलेलं नव्हतं. ती जागा अजून रिकामी आहे.